टेकडीवर हजार रोपं फुकट मिळतायत, घ्यायची का? (बाणेर-पाषाण टेकडी)

टेकडीवारी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाणेर-पाषाणच्या टेकडीवर आमचा एक छोटा गट रविवारी सकाळी काम करतो. पाणी घालणं, आळी करणं, गाजरगवत उपटणं, बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं गोळा करणं, जे समोर येईल ते. आता एका कंपनीकडून निरोप आलाय की ५ जूनला त्यांची माणसं येतील, हजार रोपं आणतील, खड्डे मात्र आपण आधी तयार ठेवायचे, सकाळी लावून दहापर्यंत मोकळे. रोपं त्यांची, नाश्ता त्यांचा, बॅनर पण त्यांचाच.

गटात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. मला मात्र पाण्याचा हिशोब दिसतोय. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला ५ लिटर धरलं तरी हजारांना ५००० लिटर, आणि टेकडीवर टँकर चढत नाही. आमच्याकडे पाणी कसं जातं सांगतो. पायथ्याला टाकी आहे, शेजारी तेलाचे रिकामे ५ लिटरचे कॅन ठेवलेत, सकाळी चालायला येणारा माणूस एक कॅन भरून वर नेतो, वाटेत सांगितलेल्या झाडाला घालतो आणि उतरताना रिकामा कॅन खाली ठेवतो. म्हणजे हजार रोपं म्हणजे दर आठवड्याला हजार कॅन, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत, आणि ते पण किमान दोन-तीन उन्हाळे. मे महिन्यात निम्मी लोकं गावाला जातात तेव्हा तर आहेत ती झाडं सांभाळताना दमछाक होते.

तुमच्यापैकी जे पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, वारजे अशा ठिकाणी काम करतात त्यांनी कृपया सांगा, तुम्ही अशा वेळी काय करता?

जुना_कोथरूडकर | रविवार, रात्री १०.१५

रोपं नाकारू नका असं माझं स्पष्ट मत. आम्ही लहान असताना या टेकड्या उघड्या होत्या, कुठे म्हणून सावली नव्हती, गुरं चरायची आणि दगड निघायचे. आज वर गेलं की जे हिरवं दिसतं ते नंतर वनखात्याने लावलेल्या झाडांमुळे. तेव्हा कुणी कुठलं झाड, देशी का परदेशी असा विचार करत बसलं असतं तर आजही उघड्याच राहिल्या असत्या. हजारातली दोनशे जगली तरी दोनशे झाडं झाली ना, तेवढी तरी होऊ द्यात की.

माळरान | रविवार, रात्री ११.३०

आजोबा, तुमच्या पिढीने उघड्या टेकड्या पाहिल्यात आणि त्या भरल्या म्हणून जो आनंद आहे तो मी समजू शकतो. पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, टेकडीचा प्रत्येक उघडा दिसणारा भाग ओसाड नसतो. पुण्याच्या टेकड्या बेसाल्टच्या, वर मातीचा थर कुठे वीतभर कुठे तेवढाही नाही, खाली मुरूम आणि मग कातळ. पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर आणि तो सुद्धा बहुतेक चार महिन्यांत. अशा जागी निसर्गाने स्वतःच जे उभं केलंय ते म्हणजे गवत, झुडपं आणि मधेमधे विरळ झाडं.

जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर खाली बसून बघा. कुसळी आणि पवन्यासारख्या गवतात कंदीलपुष्पाची वेल असते, बोटाएवढ्या हिरवट नळीसारखं फूल, टोकाला छोटा कंदील टांगल्यासारखं, उभ्याने चालणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. जमिनीतून मुसळीची पांढरी फुलं येतात, हबे आमरी हे जमिनीत वाढणारं ऑर्किड येतं. हे सगळे कंद, वर्षातले आठ महिने जमिनीखाली असतात आणि वर काहीच दिसत नाही म्हणून लोक म्हणतात जागा रिकामी आहे, खड्डे घ्या. डोंबारी चंडोल आणि लाव्हे जमिनीवरच घरटं करतात. तिथे दोन-दोन मीटरवर खड्डा घेतला की कंद कुदळीबरोबर बाहेर आणि पक्षी गायब. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौ. किमी आहे, पण तिथे चिंकारा टिकून आहे तो गवताच्या जीवावर. गवताळ माळाला सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलं जातं आणि आपणही तेच मनात धरतो याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा टेकडीवारी, पहिला प्रश्न हजार का शंभर हा नाहीच. जागा कुठली दिलीये? उतार, ओढ्याची घळ, खाणीची कड का वरचं पठार? पठार असेल तर एकही खड्डा घेऊ नका.

टेकडीवारी | सोमवार, सकाळी ७.०५

पठारच. त्यांना बस उभी राहते तिथून जवळची आणि फोटोत शहर दिसेल अशी जागा हवीये.

एफसी_रोड | सोमवार, सकाळी ९.२०

गवत राखायचं म्हणता ते पटतंय पण आमच्या हनुमान टेकडीवर फेब्रुवारी आला की पोटात गोळा येतो, एक सिगारेटचं थोटूक आणि अख्खा उतार काळा. मग गवत कापून टाकलेलं बरं नाही का?

जाळरेषा | सोमवार, दुपारी १.१०

सगळं गवत कापायची गरज नाही, पट्टे कापायचे. यालाच जाळरेषा म्हणतात. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, ते बी टाकून झालं की डिसेंबर-जानेवारीत पायवाटांच्या दोन्ही बाजूंना आणि लावलेल्या झाडांच्या भोवताली चार-पाच मीटर रुंद पट्टा विळ्याने कापायचा आणि कापलेलं गवत तिथून उचलायचं. हे उचलणं लोक विसरतात, मग कापलेलं वाळकं गवत तिथेच पडून आगीला आयतं सरपण. आमच्याकडे एक गोठेवाले दादा गवत कापून घेऊन जातात, त्यांना चारा मिळतो आणि आपला पट्टा मोकळा होतो.

वणव्यात गवत मरत नाही, त्याची मुळं खाली शाबूत असतात आणि पहिल्या पावसाला परत फुटतं. मरतात ती आपली दोन-तीन वर्षांची रोपं, आणि सरडे, साप, अंडी हे सगळं जातं ते वेगळंच. म्हणून जिथे आगीचा धोका आहे तिथे आळ्यात वाळलं गवत पसरू नका, चपटे दगड रचा. दगडाखाली ओल टिकते, सकाळी उचलून बघा खालची माती दमट असते, आणि दगड काही पेटत नाही.

आग दिसली तर अग्निशमनचा १०१ आणि वनविभागाचा १९२६, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. फोन लावताना नुसतं 'टेकडीवर आग' म्हणू नका, कुठल्या बाजूने वर यायचं ते सांगा. एकट्याने फांद्या घेऊन विझवायला जाऊ नका, उतारावर आग खालून वर फार पटकन येते, वाऱ्याने दिशा बदलली तर पळायला जागा उरत नाही. मी हे जवळून पाहिलंय म्हणून कळकळीने सांगतोय.

बॉटनीवाली | सोमवार, संध्याकाळी ६.४५

माळरान यांनी पठाराबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं. उतारावर आणि घळीत मात्र झाडं लावायला जागा आहे आणि लावावीतच. पण कुठली हे महत्त्वाचं. कंपन्यांच्या ट्रकमधून बहुतेक वेळा येतात गुलमोहर, काशीद, नर्सरीत जे स्वस्त आणि पटकन वाढलेलं असेल ते. गुलमोहर मादागास्करचा, दिसतो सुंदर, पण या कातळावर त्याची उथळ मुळं वाऱ्याला तग धरत नाहीत.

कोरड्या उतारावर सालई, मोई, धावडा, मेढशिंगी, पांढरूक, खैर, हिवर, काळा कुडा, पळस. घळीत जिथे ओल आणि थोडी माती आहे तिथे उंबर, बेहडा, करंज, शिवण. झुडपांना कुणी विचारत नाही पण करवंद, धामण, बोर लावा हो, पक्ष्यांना खायला आणि लपायला तेच लागतं, शिवाय करवंद-बोर काटेरी असल्यामुळे आतल्या रोपाला आपोआप कुंपण होतं.

सालई, मोई, पांगारा हे तर फांदीवरून येतात. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांबीची फांदी उतारावर रोवायची. रोपाचा खर्च नाही, आणि गुरांच्या तोंडाच्या वर फुटवे येतात. पळसाची बी ताजी असतानाच जूनमध्ये जागेवर टोकायची. बहाव्याच्या बीचं कवच टणक असतं, उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवा मग पेरा.

आणि ५ जून ही तारीख पुण्याच्या पावसाला माहीत नसते. त्या दिवशी जमीन तापलेली असते, वळवाच्या एखाद्या सरीने वरचा इंचभर भिजलेला असतो. जमीन फूटभर खोल ओली झाली की लावा, म्हणजे जूनअखेर ते जुलै. रोप घेताना पिशवीचा तळ बघा, मूळ तळाशी गोल गोल फिरलं असेल तर ते रोप घेऊ नका, जमिनीत गेल्यावरही ते तसंच गोल फिरत राहतं आणि चार-पाच वर्षांनी झाड उगाच वाळलं असं वाटतं. उंच रोपाचा हट्ट नको, दोन फुटाचं निरोगी रोप सहा फुटी रोपापेक्षा मुरमात लवकर रुजतं.

ओळख पटत नसेल तर फोटो काढून इथे टाका, मी सांगेन. अगदीच अडलं तर पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, दोन्हीकडे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. इतकं मोठं भांडार आपल्या गावात असताना टेकडीवर काय लावायचं हे ट्रकवाल्याने ठरवावं हे बरोबर नाही.

हडपसर_गाडीतळ | सोमवार, रात्री ८.३०

आमच्याकडे टेकडी नाही, सोसायटीबाहेरचा फूटपाथ आणि त्यावरची चौदा झाडं एवढंच. पण ती पण हिरवी जागाच ना? पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट अगदी बुंध्यापर्यंत भरलंय, पाणी जायला चिमूटभर जागा नाही. काय करता येईल?

कागदपत्र | सोमवार, रात्री ९.५५

@हडपसर, अगदी हिरवी जागाच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो अर्जासोबत जोडा. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे झाडनिहाय फोटो लावून अर्ज द्या, पोचपावती घ्या. स्वतः ब्रेकर लावून फोडू नका, मुळं तुटतात आणि खाली केबल असतात. झाडांना ठोकलेले खिळे मात्र पकडीने हळू काढता येतात, खिळेमुक्त झाडांचं काम पुण्यात बऱ्याच जणांनी केलंय, त्यात शाळकरी मुलं पण होती. आणि फांद्या तोडायच्या असतील तर महाराष्ट्र झाडे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू होतो, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरीही.

@टेकडीवारी, तुमच्यासाठी पण हेच. एकाच टेकडीवर काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही खासगी असतो. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यांच्या टेकड्यांवर पुढे जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आलं, पण आरक्षण आहे म्हणजे जमीन पालिकेच्या ताब्यात आहे असं नाही. सर्व्हे नंबर काढा. वनविभागाच्या जागेत परवानगीशिवाय खड्डा घेणं हा गुन्हा होऊ शकतो, भले तुम्ही झाड लावायला घेत असाल. कंपनीने परवानगी घेतलीये का ते लेखी विचारा.

जुना_कोथरूडकर | मंगळवार, सकाळी ६.५०

पठाराचं मला माहीत नव्हतं, पटलं. आता गिरिपुष्पाबद्दल (ग्लिरिसिडिया) बोला. वनखात्याने तेच लावलं ना सगळीकडे? ते काढून टाका असं हल्ली ऐकतो, त्याने जीव तुटतो. जानेवारी-फेब्रुवारीत पानं गळून उतार गुलाबी होतो ते आमच्या सकाळच्या फिरण्यातलं मोठं सुख आहे.

बॉटनीवाली | मंगळवार, सकाळी ८.१५

आजोबा, सरसकट काढून टाका असं म्हणणाऱ्यांत मी नाही. गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचं, पटकन वाढतं, गुरं फारशी खात नाहीत, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र येतं, पाल्याचं हिरवळीचं खत होतं म्हणून शेतकरी बांधावर लावतात. उघड्या टेकडीवर तेव्हा ते लावलं यात गैर काही नव्हतं. अडचण अशी की एकदा दाट झालं की खाली दुसरं काही येऊ देत नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून नुसत्या काठ्या उभ्या राहतात.

आम्ही काय करतो, वनविभागाला विचारून आणि त्यांचा माणूस बरोबर घेऊन, गिरिपुष्पाच्या गर्दीत मधेमधे विरळणी करतो आणि तिथे देशी रोपं लावतो. जुन्या झाडांची अर्धवट सावली रोपाला पहिले दोन उन्हाळे कामाला येते. छाटलेला पाला तिथेच आळ्यात. गिरिपुष्प बुंध्यातून परत फुटतं, म्हणून पावसाळ्यात दोनदा फुटवे खुडावे लागतात, नाहीतर वर्षभरात होतं तसं. पावसाळ्यात त्या गचपणात नवरंग येतो, मोरही असतात, ते एका झटक्यात तोडलं तर कुठे जातील? दहा-पंधरा वर्षांचं काम आहे हे. तुमचा गुलाबी उतार इतक्यात कुठे जात नाही.

सहकारनगर | मंगळवार, दुपारी ३.३०

उतारावरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही आंबिल ओढ्याच्या काठची माणसं, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र विसरणं शक्य नाही. कात्रजच्या बाजूने जे पाणी आलं त्याने भिंती पाडल्या, गाड्या वाहिल्या, माणसं गेली. ओढा अरुंद झालाय हे तर आहेच, पण वरच्या उतारांवर पाणी थांबायला काही उरलेलं नाही हेही तितकंच खरं. म्हणून माझी विनंती, नुसतं रोपांचं बघू नका. उतारावर जुने समपातळी चर, म्हणजे पाणी अडवायला आडवे खणलेले चर, असतील तर ते गाळाने भरलेत का बघा, मे महिन्यात तो गाळ काढून खालच्या अंगाला टाका. घळीत सैल दगडांचे गुडघ्याएवढे बांध घाला, सिमेंट नको, पाणी झिरपत जाऊ दे. आमच्याकडे अशा बांधामागे दोन पावसाळ्यांत माती साठली आणि तिथे उंबर कुणी न लावता उगवला, पक्ष्यांनीच आणला असणार. त्याला आम्ही एक कॅनभर सुद्धा पाणी घातलेलं नाही.

नवी_आई_बाणेर | मंगळवार, रात्री ९.००

मला या कामात यायचंय पण मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला घेऊन काय करता येईल? गाजरगवत उपटायला चालेल का?

माळरान | मंगळवार, रात्री ९.४०

ताई, जरूर या, पण गाजरगवत मुलांच्या हाती देऊ नका. त्याने त्वचेला पुरळ येतं, परागाने दम्याचा त्रास वाढतो. मोठ्यांनी सुद्धा हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क लावून, फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. फुलावर आल्यावर उपटून ओढत नेलं तर वाटेवर आपणच बी पेरत जातो. हे गवत भारतात १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज देशभर आहे, त्यामुळे ते काढणं मला तरी पुणेकरांचं जास्तच कर्तव्य वाटतं.

मुलासाठी छान काम आहे. पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर फिकट पिवळट पाठीचे, काळपट नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसतात, झायगोग्रामा. १९८० च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणले ते, गाजरगवत खायला. पानांची चाळण करून टाकतात. कुठल्या झुडपावर भुंगे आहेत ते मुलाने शोधायचं आणि तिथे काठी रोवून खूण करायची, म्हणजे ते झुडूप आपण उपटत नाही, भुंग्यांना राहू देतो. पोरं यात जाम रमतात.

टेकडीवारी | बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गट भेटला, हा धागा मोबाईलवर सगळ्यांना वाचून दाखवला. कंपनीला पुढचं कळवलंय.

पठारावर लागवड नाही. वनविभागाची लेखी परवानगी आल्याशिवाय कुठेच नाही. ५ जून नाही, जुलैचा दुसरा किंवा तिसरा रविवार, पाऊस बघून. हजार नाही, पायवाटेपासून कॅन नेता येईल अशा उतारावर आणि घळीत ऐंशी रोपं, यादी बॉटनीवाली ताईंची, आणि सालई-पांगाऱ्याच्या फांद्या वेगळ्या. उरलेल्या पैशात त्यांनी पायथ्याला दुसरी टाकी, विळे, हातमोजे आणि तीन उन्हाळे पाणी घालायला व जाळरेषा कापायला एका माणसाचा पगार द्यावा. त्यांच्या माणसांनी यायचं असेल तर मे महिन्यात चर साफ करायला आणि डिसेंबरात गवत कापायला यावं, नाश्ता आम्ही देऊ.

तिथल्या मॅडमचा दुपारी फोन आला होता. पगाराचं वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाल्या, टाकीला मात्र लगेच हो म्हणाल्या. फोटोचं काय असं विचारलं तेव्हा मी म्हटलं डिसेंबरात या, गवत सोनेरी झालेलं असतं, फोटो जास्त चांगले येतात. खरंच येतात.

जाळरेषा | बुधवार, रात्री १०.४५

उत्तम. पगारी माणूस ठरला तर वस्तीतलाच बघा, पाषाण-सुतारवाडीचा, वाटा माहीत असलेला. आणि विळे दातेरी घ्या, साध्या विळ्याने कुसळी सटकते.

जुना_कोथरूडकर | गुरुवार, सकाळी ६.३०

टाकी आली की सांगा. माझ्याकडून एक कॅन चालेल का, गुडघे आहेत म्हणून अर्धा भरून नेईन.

टेकडीवारी | गुरुवार, सकाळी ६.५५

आजोबा, चालेल काय, धावेल. तुमच्यासाठी वाटेतल्या पहिल्या बाकाजवळचा बहावा ठेवतो, तिथपर्यंत चढ नाही. या रविवारी सहा वाजता पाषाणच्या बाजूच्या पायथ्याशी भेटू, ताई तुम्ही पण मुलाला घेऊन या, मापाचे हातमोजे लागतील तर आधी सांगा.